पुढे पळणारं घड्याळ आणि आमच्या घरची हाणामारी

...आणि एवढं सगळं होऊन वर सासरचे मलाच विचारतात, "तू गो कशाला गप बसलेलीस?" ऐकलंत? मी गप का बसले म्हणे! ज्या घरात माणसं ओरडल्याशिवाय चहात साखर मागत नाहीत, त्या घरात मी बोलायचं कधी? कुठल्या फटीत? तोंड उघडलं की समोरून काहीतरी उडत यायचं... एकदा चप्पल, एकदा उशी, एकदा अख्खा खारवलेला सुका मासा, आणि तो दगडासारखा असतो हो, कपाळावर बसला की टेंगूळ येतं, हे बघा, इथं, हात लावून बघा! आता मी नवी सून, मी काय बोलणार?

तुम्हाला सांगते, भांडण कशावरून? जमिनीवरून नाही, दारूवरून नाही. लॅपटॉपच्या घड्याळावरून! हसा, हसा तुम्ही. तुमच्या घरात कोणी दुरुस्तीवाल्याच्या चिमट्याने लॅपटॉपचं पोट फाडलेलं नाही, म्हणून हसताय.

आता आधी घर समजून घ्या. मी माणगावची, भातवाल्यांची मुलगी. आमच्याकडे एसटी गेली तर माणूस शेंगा सोलत बसतो, दुसरी येते. लग्न करून आले रेवसला, खाडीकाठी, होडीवाल्यांच्या घरात. इथे ओहोटी लागली की होडी चिखलात बसते, आणि मग ढकला, शिव्या द्या, नवस बोला, भरती येईपर्यंत ती जागची हलत नाही. म्हणून या घरात घड्याळ बरोबर ठेवणं म्हणजे गुन्हा! भिंतीवरचं घड्याळ सासऱ्यांनी पुढे केलेलं, का? तर खलाशी उशिरा येतात. ते सासूबाईंना माहीत, म्हणून त्यांनी ते आणखी पुढे केलेलं, का? तर सासरे तेवढा वेळ मनातल्या मनात वजा करून परत झोपतात. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याच्याही पुढे. आमच्या लग्नात काय झालं सांगू? मुहूर्ताला आमची माणसं नटूनथटून मांडवात पोचतात तर नवऱ्याकडची मंडळी कधीची येऊन बसलेली, आणि मांडववाला अजून बांबू पुरतोय! माझ्या सासऱ्यांनी, तुळशीराम नाव त्यांचं, त्या मांडववाल्याच्या हातातून पहार ओढून घेतली आणि दोन खड्डे स्वतः मारले. वराच्या बापाने! तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

तर हितेश. हितेश म्हणजे माझा नवरा. शिकलेला, डिप्लोमा झालेला, उंच, देखणा, सगळं खरं... पण होडीवाल्याचा मुलगा असून होडीत बसला की ओकतो. थोडंथोडकं नाही हो, किनारा सुटायच्या आधी सुरुवात. बाप म्हणजे खाडीतला वाघ, आणि मुलगा काठावर ओणवा. सासरे सगळ्या आळीसमोर म्हणाले होते, "नारली पुनवेला होडी पान्यात जाल. तवापरत नोकरी लागली तं लागली, न्हाय तं ह्यो माझ्या होडीवर, ओकत ओकत जाळी खेचंल!" म्हणजे बघा, एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला जन्मभराची उलटी. आणि त्यात आली मुलाखत! पलीकडच्या बंदरातल्या एका कंपनीची, सोमवारी अकरा वाजता, लॅपटॉपवर. त्यांनी एक लिंक पाठवली, आधी उघडून बघा म्हणाले. हितेशने उघडली. उघडते कसली! लाल अक्षरांत पाटी: 'तुमचे घड्याळ पुढे आहे.'

तुम्ही म्हणाल, मोबाईलमध्ये बघायची ना वेळ. अहो, वेळ बघायचा प्रश्न कुठे होता? वेळ त्यालाही माहीत होती! पण लॅपटॉपचं घड्याळ चुकीचं असलं की ती साइट आपल्याला चोर समजते आणि दारच उघडत नाही. आणि मोबाईलवर मुलाखत कंपनीला चालत नाही.

सासरे मागून डोकावले. चष्मा कपाळावर, हातात जाळं विणायची सुई. अक्षर अक्षर लावून पाटी वाचली आणि म्हणाले, "मग? पुढंच पायजे! मागं ऱ्हानारा घड्याल खाडीत बुडवाया पायजे!"

हितेशने घड्याळ बरोबर केलं. साइट उघडली. तो खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पुढे! त्याने परत बरोबर केलं. तिसऱ्या दिवशी आणखी पुढे! तेव्हा त्याने लॅपटॉपला पहिली चापट मारली. म्हशीच्या पाठीवर मारतात ना, तशी, फाट! बिजागरी कुरकुरली, 'क' आणि 'म' ची बटणं उडाली, पण घड्याळ? ते आपलं ढिम्म पुढेच. मी म्हटलं, "अहो, ऐका ना, मला वाटतं..." तेवढ्यात त्याने उशी भिरकावली, लॅपटॉपवर नाही हो, भिंतीवर, पण भिंतीवरून उडून कुणाच्या तोंडावर? माझ्या. आता मी नवी सून, मी काय बोलणार?

मग आला भावेश. भावेश म्हणजे माझा चुलत दीर, शेजारच्याच घरात राहतो, अलिबागला महिनाभर कॉम्प्युटरच्या क्लासला गेला होता, त्या एका महिन्यावर आज तीन वर्षं जगतोय. आला, बोटं मोडली, म्हणाला, "दादूस, यो वायरस हाय." मग दोन तास काय काय खुडबुडला आणि शेवटी म्हणाला, "आता एक बटन चालू केलाय. आता घड्याल आपोआप नेटवरून टायम घेल. आता त्याचा बाप पन हलवू शकनार न्हाय!" सकाळी बघतो तर बटण बंद आणि घड्याळ पुढे! हितेश तसाच, टॉवेलवर, होडीचं वल्हं घेऊन भावेशच्या मागे. किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी शाकारून ठेवलेली आमची होडी, तिच्याभोवती दोघं गोल गोल, भावेश पुढे, वल्हं मागे, आणि मध्ये मध्ये भावेशचा आवाज, "वैनी! वैनी गो! मना मारतंय गो!" आळीतली पोरंटोरं टाळ्या वाजवतायत, बायका म्हणतायत, "सुटला रं सुटला... न्हाय, लागला!" वल्हं मांडीवर बसलं ते बसलंच. चार दिवस लंगडला बिचारा. पण एक चमत्कारिक गोष्ट मी बघितली. मार खाताना तो माझ्याकडे नाही, सासऱ्यांकडे बघत होता. आणि सासरे जाळ्यात मान घालून, जणू त्या जाळ्याचा जन्मापासूनचा अभ्यास करतायत!

मग अलिबाग. तिथे निकेतचं दुकान आहे दुरुस्तीचं. निकेतने लॅपटॉप उघडला, आतून एक चपटा, बटणाएवढा सेल काढला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "सेल मेलाय. ही समुद्राची हवा. ह्या हवेने माझा फ्रीज गेला, माझी मोटरसायकल गेली, माझी बायको माहेरी गेली." नवा सेल घातला. घरी आणला. सकाळी? पुढे! हितेश तिथल्या तिथे परत अलिबागला, मला म्हणाला, "चल." मी कशाला? तर साक्षीला. दुकानात शिरला आणि थेट कॉलर! निकेत म्हणतोय, "अरे दादा, सेल मेला तर घड्याळ मागे पडतं, पुढे पळणारं घड्याळ मी जन्मात बघितलं नाही, तुझ्या घरात भूत असेल!" हितेश म्हणतोय, "भूत तू आहेस!" निकेतने तापलेली सोल्डरिंगची कांडी उगारली, हितेशने कुणाचा तरी कीबोर्ड ढालीसारखा धरला, कीबोर्डची बटणं तडातडा उडतायत, गिऱ्हाईक एका कोपऱ्यात, आणि मी म्हणतेय, "अहो, मागे मागे पडतं म्हणतायत ते, ऐका तरी..." ऐकतंय कोण? येताना एसटीत बसल्यावर हितेशने मूठ उघडली, तर मुठीत निकेतच्या शर्टाचा खिसा. अख्खा. आत पेन. आणि चिमटा हाताला लागला म्हणून तोही घेऊन आला, आणि घरी येऊन त्याच चिमट्याने... जाऊ दे. सांगितलं ना मघाशी, पोट फाडलं म्हणून.

आता तुम्हाला वाटेल, कोण करत होतं हे? मला कळलं. म्हणजे मी शोधलं नाही, मी शोधणारी कोण? सकाळी पाणी भरायला उठले तर ओटीवर उजेड. लॅपटॉप उघडा. समोर सासरे. पासवर्ड? अहो, पासवर्ड म्हणजे आमच्या होडीचं नाव, ते होडीच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत रंगवलंय, अख्ख्या खाडीला पाठ! सासरे एक बोट त्या लॅपटॉपवर असं नेत होते, असं... खेकड्याच्या बिळात बोट घालावं तसं. भावेशकडून शिकलेले, शपथ घालून. मला बघितलं, दचकले नाहीत, आवाज मात्र इतका खाली आणला की मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय. "सूनबाय, कोनाला बोलू नको. पोर मुलाखतीला मागं पडला न्हाय पायजे."

मी म्हटलं, "बाबा, पण पुढे केलं की ती साइट उघडत नाही हो."

"येडी काय गो तू? मागं ऱ्हायलेल्याला आडवतान. पुढं असल्याला कोन आडवील?" मग बोट मागे घेतलं. म्हणाले, "तो होडीवर आला तं मना बराच हाय. पन ओकतंय गो. मना बघवत न्हाय."

मी घागर उचलली आणि आत गेले, म्हटलं सासूबाईंना सांगावं, त्या तरी समजावतील. सासूबाई, नीराबाई, चुलीपाशी बसलेल्या. मी म्हटलं, "आई, ते लॅपटॉपचं घड्याळ..." त्यांनी माझं तोंडच दाबलं, हाताला मासळीचा वास, मला श्वास येईना! कानाशी येऊन म्हणाल्या, "हलू बोल! त्या बुढ्याला कलंल! मीच करतंय पुढं. भावेशनी शिकवला मना. पोर घुम हाय, कंदी भानावर नसतंय, येल चुकंल त्याची." म्हणजे दोघं करत होते! एकमेकांना न सांगता! रात्रीचं जेवण झालं की ह्या, पहाट झाली की ते! मी त्यांनाही सांगितलं, उघडत नाही हो त्याने. तर म्हणतात कशा, "उघडंल. जरा जोरात दाब." आता मी नवी सून, मी काय बोलणार?

आणि हितेशला सांगायचं तर हितेश कुठे ठिकाणावर? तो रोज त्या लॅपटॉपला काहीतरी करत होता. उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात पुरला, एकदा तर मानगूट धरून हलवला, जीव जाईस्तोवर, "बोल! बोल! कोणी पाठवलंय तुला?" मी म्हटलं, "अहो, आई आणि बाबा..." तो गरजला, "त्यांचं नाव घेऊ नकोस! त्यांना काय कळतंय यातलं!" आणि तो सुका मासा, जो सासूबाईंनी मांजरीला फेकला होता, तो नेमका तेव्हाच माझ्या कपाळावर...

उजाडला सोमवार. हितेशने पांढरा शर्ट घातला, टाय लावला, खाली घरातली हाफ पँट, कारण खालचं दिसत नाही. लॅपटॉप उघडला, घड्याळ पुढे. बरोबर केलं. साइट उघडली, पाटी आली: थांबा, साहेब येत आहेत. वा! म्हणून तो पाणी प्यायला आत गेला. सासरे बाहेरून आले, इकडे तिकडे बघितलं, बोट घातलं, पुढे! साइट बंद. हितेश आला, किंचाळला, बरोबर केलं, उघडली. भांग पाडायला आरशापुढे गेला. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, बोट, पुढे! बंद. हितेश आला, आता त्याच्या कपाळावरची शीर अशी, दोरखंडासारखी. बरोबर केलं. उघडली. आणि मग म्हणाला, "वीज गेली तर?" म्हणून मीटर बघायला गेला. हा माणूस एका जागी बसेल तर शपथ!

आणि इकडून सासरे, तिकडून सासूबाई, एकाच वेळी. दोघांची बोटं एकाच लॅपटॉपवर. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघतायत, चोराने चोराकडे बघावं तसं.

"तू काय करतंस हितं?"

"तुमी काय करताव?"

"मी कवाच पुढं केलाय!"

"म्हंजे मी केलेला तुमी डबल केलाव? मेल्या, पोराचा वाटोला केलास!"

आणि दारात हितेश. सगळं ऐकलेला. काय सांगू तुम्हाला, पुढचं सगळं एकाच वेळी झालं. हितेशने वल्हं उचललं, बापावर नाही हो, भिंतीवरच्या घड्याळावर. एका फटक्यात घड्याळ खाली, काच, काटे, सगळं. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ. मग सासऱ्यांच्या मनगटाकडे वळला! सासूबाईंनी झारा घेतला, कुणाला मारायचा ते ठरेना म्हणून समोर येईल त्याला. समोर आला भावेश, तो बिचारा शुभेच्छा द्यायला पेढे घेऊन आलेला. पेढे एकीकडे, भावेश एकीकडे. भावेश ओरडला, "मी न्हाय! मी फकस्त शिकवला!" हे ऐकून हितेशने त्याची मान धरली, सासूबाईंनी हितेशचा टाय धरला, टाय आवळला, हितेश लाल, भावेश निळा, झारा चालूच, हितेशचा ओठ फुटला, आणि सासरे, खाडीतला वाघ, म्हणाले, "थांबा!" कोण थांबतंय? तेव्हा त्यांनी काय करावं? खुंटीवरचं फेकजाळं उचललं, कमरेतून अशी गिरकी घेतली आणि फेकलं! घरात! ओटीवर! काय फेक होती ती, गोल, छत्रीसारखी उघडली आणि तिघांवर अलगद बसली, आणि दोरी ओढल्याबरोबर खालून आवळली. हितेश, सासूबाई, भावेश, झारा, वल्हं, दोन पेढे, सगळा एक गठ्ठा.

घर शांत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

लॅपटॉप खाली पडलेला, एका अंगावर, पण जिवंत. मी जाऊन उचलला. घड्याळ बरोबर केलं. साइट उघडली. पाटी गेली आणि साहेब आले, दोन साहेब आणि एक मॅडम. मला दुसरं काही सुचेना, मी लॅपटॉप तसाच जाळ्यासमोर धरला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मिस्टर हितेश... तुम्ही जाळ्यात आहात का?"

हितेश म्हणाला, "हो सर. गुड मॉर्निंग सर."

"रक्त येतंय तुमच्या ओठातून."

"घरचंच आहे सर."

मॅडमनी विचारलं, मागचे ते वल्हं घेतलेले गृहस्थ कोण. तो भावेश, वल्हं पोटाखाली अडकलं होतं म्हणून धरलेलं. त्याने आतूनच नमस्कार केला. मग प्रश्न सुरू झाले, आणि तुम्हाला खोटं वाटेल, हितेशने सगळ्यांची उत्तरं दिली! कंटेनर, वजनं, मालाच्या याद्या, फटाफट! हलायलाच येत नव्हतं ना, पळणार कुठे? आठवड्यात पहिल्यांदा माणूस एका जागी होता. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "आमच्याकडे कामाचा ताण फार असतो, तुम्हाला..." आणि जाळ्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या. दिसतंय." मग विचारलं, "रुजू कधी होऊ शकाल?"

जाळ्यातून दोन आणि जाळ्याबाहेरून एक, तीन आवाज: "आजच!"

हितेशचा नव्हता त्यात. त्याचा टाय सासूबाईंनी नेमका तेव्हाच ओढला होता.

साहेब म्हणाले, "पुढचा सोमवार चालेल." आणि घाईने बंद केलं.

लागली हो, नोकरी लागली! सासरे रडले, सासूबाईंनी झाऱ्यानेच माझ्या पाठीवर थोपटलं. आणि आता विचारा, तुमचा नवरा कुठे आहे? आज गुरुवार. हितेश काल दुपारपासून कंपनीच्या गेटवर आहे. सासऱ्यांनी टेम्पो केला, त्याला पेटीसकट उचलला, आणि नेऊन सोडला. सोमवारी येल चुकली तर? मी सकाळी डबा घेऊन गेले. बसलाय गेटाबाहेर चटईवर, पांढरा शर्ट, टाय, ओठाला पट्टी. वॉचमन मला म्हणतो, "ताई, ह्यांना सांगा ना, ह्यांचं नाव सोमवारच्या यादीत आहे, आज आत घेणार नाहीत."

मी म्हटलं, "माहीत आहे हो दादा. बसू द्या. घरापेक्षा सुरक्षित आहे."